एका पैशाची जादू

धुळ्यात मे महिन्यात दुपारचं खेळायला बसणं होत नाही. ऊन उतरलं की गच्चीवर पाणी मारायचं, फरशीची वाफ निघून गेली की सतरंजी टाकायची, मधोमध माठ ठेवायचा आणि भोवती आम्ही पाच जण. आमचा डंजन्स अँड ड्रॅगन्सचा रविवार असा सुरू होतो. मागे एका रविवारी आठवीतल्या भाच्याने माठातलं पाणी पिता पिता विचारलं, "मामा, माझा जादूगार कॅन्ट्रिप टाकून पाणी गार करतो. कितीही वेळा करू शकतो. मग किल्ल्यावरचं आख्खं टाकं गार का नाही करायचं? आणि गार होतं, तर साफ का नाही होणार?"

या प्रश्नाचं उत्तर घाईत दिलं तर खेळ कसा बिघडतो, हे मी एकदा अनुभवलंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा खेळ न खेळलेल्यांसाठी आधी थोडक्यात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डीएम म्हणतात. आमच्याकडे तो मी. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपलं पात्र काय करतं ते तोंडाने सांगतात. जमेल की नाही अशी शंका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकायचा. जादू करणाऱ्या पात्रांकडे दोन प्रकारचे मंत्र असतात. मोठे मंत्र मोजून मिळतात. आगीचा गोळा फेकला, जखम भरली की त्या दिवसाचा साठा तेवढा कमी झाला, पुन्हा विश्रांती घेईपर्यंत परत मिळत नाही. छोट्या मंत्रांना, म्हणजे कॅन्ट्रिपना, ही मोजदाद नाही. दिवसभर टाकत राहा. त्यांतले काही लढाईचे असतात, ते इथे बाजूला ठेवू. मला बोलायचंय ते दिवा लावणाऱ्या, वस्तू सरकवणाऱ्या, फाटलेलं सांधणाऱ्या, घरकामाच्या मंत्रांबद्दल.

"कितीही वेळा" हे दोन शब्द वाचले की नवा खेळाडू हरखतो, ते बरोबरच आहे. पण किती वेळा याला मर्यादा नसली तरी किती मोठं याला आहे, आणि ती फार विचार करून घातलेली आहे. ती कशी घातली ते कळायला सगळ्यात सोपा मंत्र बघा: लाइट. एखाद्या वस्तूला हात लावायचा, ती वस्तू तासभर उजळते. वीस फुटांपर्यंत लख्ख उजेड, त्यापुढे आणखी वीस फूट अंधूक. आता त्याच नियमपुस्तकात सामानाच्या यादीत मशाल शोधा. तीसुद्धा तासभर जळते, वीस फूट लख्ख, पुढे वीस फूट अंधूक. किंमत तांब्याचं एक नाणं. आकडे हुबेहूब तेच. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनी या जादूची किंमत आपल्याला सांगूनच ठेवलीय: एक पैसा.

मी टेबलावर जी मोजपट्टी वापरतो ती इथून आली. खेळाडू एखाद्या कॅन्ट्रिपचा नवा उपयोग सुचवतो तेव्हा मी मनात विचारतो, हे काम दोन-चार पैशांच्या वस्तूने झालं असतं का? काठीने, दोरीने, सुई-दोऱ्याने, मशालीने, ओल्या फडक्याने? झालं असतं तर बिनदिक्कत होऊ द्यायचं, फासा मागायचाही नाही. पण त्या कामाला कसबी कारागिराचा दिवस लागला असता, किंवा त्यासाठी नियमांत वेगळा मोठा मंत्र असेल, तर छोट्या मंत्राने ते होत नाही.

पैशाच्या वस्तूपेक्षा मंत्राचा फायदा काय, असं कोणी विचारेल. फायदा आहे आणि चांगला आहे. मशालीला एक हात अडकतो, वाऱ्याने ती विझते, तेल-चिंध्या बाळगाव्या लागतात. लाइट खड्यावरही टाकता येतो. आमच्या टेबलावर कृषी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी आहे. तिने पहिल्याच खेळात उजळलेला खडा गोफणीत घातला आणि भिरकावला. ज्वारीवरची पाखरं राखताना गोफण फिरवलेली माणसं आपल्याकडे घरोघर आहेत, तिला ते सुचायला वेळ लागला नाही. खडा भुयाराच्या टोकाला जाऊन पडला आणि तिथे टपून बसलेले तिघे आम्हाला लांबूनच दिसले. मशाल इतक्या लांब फेकता आली नसती. मात्र तो मंत्र दुसऱ्या वस्तूवर टाकला की पहिली वस्तू विझते, त्यामुळे खडा फेकल्यावर आम्ही स्वतः अंधारात उभे होतो. हे असं काही मिळतं, काही जातं, तिथे खेळाला रंग चढतो.

या सगळ्याला थोडा इतिहासही आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात कॅन्ट्रिप नव्हतेच. पहिल्या पातळीच्या जादूगाराला दिवसाला एक मंत्र, तो संपला की सुरा हातात धरून मागे उभं राहायचं. १९८२ मध्ये गायगॅक्सने ड्रॅगन मासिकात शिकाऊ जादूगारांचे चिमुकले मंत्र लिहिले. गार करणं, ऊन करणं, मीठ घालणं, गोड करणं, शिवणं, गाठ मारणं, घासून चकाकवणं. ही यादी वाचताना मला नेहमी गुरूच्या घरी राहून पडेल ते काम करणारं पोर दिसतं. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही सगळी किडूकमिडूक जादू एकाच मंत्रात कोंबली गेली, २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ती शून्य पातळीचे मंत्र म्हणून परतली, पण दिवसाला मोजकीच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीपासून हवे तितक्या वेळा टाका असं झालं आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने तेच पुढे चालवलं. माझी सगळी उदाहरणं या पाचव्या आवृत्तीतली आहेत. तिचे मूळ नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुले आहेत, त्यामुळे मराठीत स्वतःची टिपणं काढून ती मित्रांना वाटायलाही अडचण नाही.

आता भाच्याचा माठ.

पाणी गार करणारा मंत्र म्हणजे प्रेस्टिडिजिटेशन. या शब्दाचा अर्थच हातचलाखी. एका मंत्रात सहा कामं मावतात: छोटी ठिणगी, झुळूक किंवा वास असा निरुपद्रवी परिणाम घडवणं, मेणबत्ती, मशाल किंवा लहान शेकोटी पेटवणं वा विझवणं, एक घनफुटापर्यंतची वस्तू स्वच्छ किंवा मळकी करणं, एक घनफूट निर्जीव पदार्थ तासभर गार, ऊन किंवा चवदार करणं, तासभर टिकणारा रंग किंवा खूण उमटवणं, आणि मुठीत मावणारी एखादी चीज क्षणभर निर्माण करणं. पल्ला दहा फूट, आणि टिकणारे परिणाम एका वेळी जास्तीत जास्त तीन.

एक घनफूट म्हणजे अठ्ठावीस लिटरांच्या जरा वर. आपला घरचा माठ त्यात आरामात मावतो. तीन परिणाम म्हणजे तीन माठ, तासभर गार. खानदेशातल्या उन्हाळ्यात ही काही लहानसहान गोष्ट नाही, भर दुपारी वाटसरूला तिने किती बरं वाटेल! पण बर्फ होईल का? नियमात "गार" आहे, "गोठवणं" नाही, आणि माझी मोजपट्टी म्हणते की ओलं फडकं गुंडाळलेल्या माठाइतकं गार. माझ्या खेळातलं टाकं दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि पाणी पाच फूट खोल. पाचशे घनफूट. त्यातले तीन घनफूट गार करून कोणाची तहान भागणार? ही अर्धी शंका गणिताने मिटली.

चवीबद्दल एक शब्द, कारण नव्या खेळाडूंना हा भाग फार आवडतो आणि मलाही. शिळ्या कळण्याच्या भाकरीला खापरावरच्या पुरणाच्या मांड्याची चव आणता येते. तासभर. पोटात मात्र कळण्याची भाकरीच जाते आणि भाकरीला बुरशी आली असेल तर तीही जाते. मंत्र जिभेला फसवतो, शरीराला नाही. एकदा आमच्या एका खेळाडूने आठवडे बाजारात किडकी वांगी या युक्तीने खपवायचा बेत केला. मी त्याला अडवलं नाही. वांगी विकली गेली, तास संपला आणि घरी भरीत खायला बसलेलं गिऱ्हाईक चार भाऊबंद घेऊन परत आलं. मंत्र तोंडाने मोठ्याने म्हणावा लागतो आणि हात हलवावे लागतात, हेही त्या निमित्ताने सगळ्यांच्या ध्यानात आलं, कारण शेजारच्या दुकानदाराने ते पाहिलेलं होतं. बहुतेक कॅन्ट्रिप चोरून टाकता येत नाहीत. ज्या गावात जादू रोजची नाही तिथे बाजाराच्या मध्यात उभं राहून कोणी अगम्य काही पुटपुटू लागला तर लोक काय समजतील, हा विचार डीएमने आणि खेळाडूंनी दोघांनीही करावा.

उरली भाच्याची दुसरी शंका: पाणी साफ का होणार नाही?

इथेच मी चुकलो होतो. आम्ही खेळायला लागलो त्या पहिल्या वर्षातली गोष्ट. माझ्या खेळातला किल्ला मी लळिंगवरून बेतलाय. खरा लळिंग धुळ्याजवळच, मुंबई-आग्रा रस्त्यालगत, फारुकी सुलतानांच्या काळात महत्त्वाचा असलेला, वर कातळात कोरलेली पाण्याची टाकी. गोष्ट अशी रचली होती की खालची गावं किल्ल्यावर आश्रयाला आलीत आणि कोणीतरी टाक्यात विष कालवलंय. तेव्हाच्या जादूगाराने विचारलं, "प्रेस्टिडिजिटेशनने साफ करू? घनफूट घनफूट करून दिवसभरात होईल की." मला ती चिकाटी आवडली आणि मी हो म्हणालो. गोष्ट तिथेच संपली. पण मनाला लागलं ते वेगळंच. आमच्यात शेजारच्या ताई क्लेरिक खेळतात, म्हणजे देवाच्या कृपेने शक्ती मिळालेलं पात्र. त्यांनी आदल्या रात्री विचारपूर्वक निवडलेल्या मंत्रांत अन्नपाणी शुद्ध करणारा मंत्र होता. तो घ्यायचा म्हणून एक बरं करणारा मंत्र सोडलेला. माझ्या "हो" नंतर त्या काही बोलल्या नाहीत. पुढचे दोन तास त्यांनी फासा टाकला, पण सुचवलं काहीच नाही.

छोट्या जादूची मर्यादा मी आता याच कारणाने पाळतो. एकाचा फुकटचा मंत्र ढिला सोडला की दुसऱ्या कोणाच्या पात्राचं मोल कमी होतं. नियमांतही त्याला आधार आहे. स्वच्छ करायची ती "वस्तू" हवी, आणि वस्तू म्हणजे खिडकी, दार, तलवार, पुस्तक अशी सुटी निर्जीव चीज, असा अर्थ डीएमच्या पुस्तकात दिलाय. पाणी त्यात बसत नाही. घागर बसते. घागरीचं शेवाळ जाईल, आतल्या पाण्यातलं विष नाही.

हीच चूक मेज हँडच्या बाबतीत फार टेबलांवर होते. तीस फुटांपर्यंत एक तरंगता, भुतासारखा धूसर हात मिनिटभर प्रकटतो, दार ढकलतो, वस्तू उचलून आणतो. वजन दहा पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण साडेचार किलो. केळीचा भरलेला घड वीस किलोच्या घरात सहज जातो, तो या हाताला हलणारसुद्धा नाही. फणी आणेल. पाण्याने भरलेली मोठी घागर नाही, तांब्या आणेल. हा हात मारू शकत नाही, जादूच्या वस्तू चालवू शकत नाही आणि तुम्ही तीस फुटांपेक्षा लांब गेलात की नाहीसा होतो. तीस फूट लांब काठी आणि तिच्या टोकाला पंजा, एवढीच कल्पना धरा. काठीने कडी उघडेल, खटका दाबला जाईल, संशयी पेटीचं झाकण लांबून उचलता येईल, आणि तेवढ्याने कितीदा तरी जीव वाचतो. कुलूप उघडणं मात्र काठीचं काम नाही, तिथे चोरविद्या शिकलेल्या पात्राची बोटं लागतात. त्याच पात्राच्या एका खास शाखेला या हाताने कुलूप उघडायची कला वेगळी शिकायला मिळते. ज्याने ती कमावली नाही त्याला ती आपण फुकट का द्यायची?

मायनर इल्युजन मला या सगळ्यांत सर्वांत सुंदर वाटतो. पाच फुटांच्या घनात मावणाऱ्या एखाद्या वस्तूचं चित्र, किंवा एक आवाज. दोन्ही एकदम नाही. चित्राला वास नाही, उजेड नाही, आणि हात लावला की तो आरपार जातो. याला तोंडाने काही म्हणावं लागत नाही, चिमूटभर लोकर आणि हाताची खूण पुरते, म्हणून आडोशाला लपून टाकायला हा बरा. आमच्या गोष्टीत सातपुड्याच्या पायथ्याला केळीच्या बागेतून दरोडेखोरांना हुसकवायचं होतं. बिबट्याची भीती आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. पण चित्र वस्तूचं हवं, जनावराचं नाही. मग एकाने बिबट्याची डरकाळी काढली आणि दुसऱ्या मंत्र जाणणाऱ्याने ओल्या मातीत पंजाचे ठसे उमटवले. एकट्याला हे जमलं नसतं, कारण दुसऱ्यांदा टाकला की पहिला भास विरतो. बिबट्या कोणालाच दिसला नाही. डरकाळी ऐकून खाली पाहिलं आणि ठसे दिसले, बाकीचं दरोडेखोरांनी स्वतःच मनात पूर्ण केलं. नीट निरखणाऱ्याला फासा टाकून शोध लागू शकतो. पहिल्या पातळीच्या हुशार जादूगाराविरुद्ध साधारण तेरा पडावे लागतात. आमच्याकडे एकानेही निरखायला वेळ घेतला नाही.

मेंडिंगबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक फुटापर्यंतची एक तूट किंवा फाट मिनिटभरात सांधली जाते, मागमूस राहत नाही. तुटलेला दोर, फुटलेला कंदील, फाटलेली पखाल. फुटलेला बांध नाही. आणि ते मिनिट महत्त्वाचं, कारण लढाईतली एक फेरी सहा सेकंदांची असते. मिनिटात दहा फेऱ्या होतात.

गायडन्सने मात्र डोकं उठतं. स्पर्श करायचा, समोरच्याला एका कामासाठी चार बाजूंच्या फाशाची भर मिळते. कोणी काहीही करायला निघालं की क्लेरिक ओरडणार, "गायडन्स!" आम्ही एक साधी गोष्ट ठरवली. ताई तो मंत्र टाकताना पात्राच्या तोंडून काय म्हणतात ते सांगतात. मंत्र आहे, म्हणजे समोर लोक ऐकतात. सावकाराशी गोड बोलून सूट मागायच्या आधी कोणी तुमच्या खांद्यावर हात ठेवून देवाचा धावा केला तर सावकार सावध होणारच. तेव्हापासून तो जिथे शोभतो तिथेच टाकला जातो. २०२४ च्या सुधारित नियमांत तर तो टाकताना कोणत्या कौशल्यासाठी ते आधीच सांगावं लागतं.

भाच्याला मी हे सगळं एका दमात ऐकवलं नाही. एवढंच म्हणालो, "टाकं साफ होणार नाही. पण तुझ्याकडे काय काय आहे ते बघ." तेच टाकं मी यंदा पुन्हा खेळात आणलं होतं, तेच विष घालून.

पाणी काठापासून पंधरा फूट खाली. ताईंच्या शुद्धीच्या मंत्राचा पल्ला दहा फूट, म्हणजे वरून जमणार नाही, कोणीतरी त्यांना खाली सोडायला हवं. रहाटाचा दोर मधेच तुटलेला. भाच्याने मेंडिंग टाकलं, मिनिटात दोर अखंड. अंधार पडलेला, म्हणून त्याने ताईंच्या कमरेला बांधलेल्या तांब्याला हात लावून लाइट टाकला. खाली वटवाघळं आहेत का, कडेला सुरक्षित पायरी कुठली आहे, हे मेज हँडने चाचपून घेतलं. मग कृषीवाली मुलगी आणि तो, दोघांनी दोर धरला.

मंत्रांचा साठा वाचवायचा तर शुद्धीचा मंत्र विधी म्हणून सावकाश करता येतो, फक्त दहा मिनिटं जास्त लागतात. शुद्ध होतो तो पाच फूट त्रिज्येचा गोळा. टाकं चौकोनी, कोपरे राहिले, म्हणून पुन्हा. सगळे विधी पुरे होईपर्यंत वरच्यांनी दोर धरून ठेवायचा, आणि दर पाच मिनिटांनी मी त्यांच्याकडून ताकदीचा फासा टाकून घेत होतो. चौथ्या फाशाला मुलीचा हात सुटला. दोर एकट्या भाच्याच्या हातात.

"मामा, मेज हँडने धरू?"

"ताईंचं वजन किती असेल?"

तो क्षणभर गप्प बसला. "नाही पेलणार," स्वतःच म्हणाला. मग पात्राचे मंत्र लिहिलेल्या शीटवर बोट फिरवत थांबला. "पण रहाटाची खुंटी तरी अडकवेल ना? खुंटी हलकी असते."

लाकडाची खुंटी, पाव किलोची. खाचेत सरकवायची. काठीने झाली असती.

"अडकवली," मी म्हणालो, आणि खालून ताईंनी तिसऱ्यांदा विधी सुरू केला.